पाहुणे येणार म्हणून पुसलेली भिंत

टीव्हीवाल्यांना आमची आठवण वर्षातून एकदा होते, दिवाळीला. अमेरिकेतल्या आमच्या या कॅरी गावात एवढी मराठी माणसं राहतात. कोड लिहितात, औषधं तपासतात, टॅक्स भरतात, आजारी पडतात, घरमालकाशी भांडतात. यातली एकही गोष्ट बातमी नाही. बातमी व्हायची असेल तर हातात पणती पाहिजे आणि अंगावर जरीचं काहीतरी पाहिजे. मग कॅमेरा येतो, चकली खातो, ‘वंडरफुल’ म्हणतो आणि जातो. मला या प्रकाराची चीड आहे. ती लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

पुण्यात कॉलेजला असताना मी पत्रकं लिहायचे. हॉस्टेलचं पाणी, फीवाढ, मेसमधल्या अळ्या. पत्रकाचं एक बरं असतं: पहिल्या ओळीत कोणी काय केलं ते, दुसऱ्या ओळीत तुम्ही काय करायचं ते. मधे पार्श्वसंगीत नाही. इथे आल्यावर आठवडाभर लॅबमध्ये नोकरी आणि शनिवारी सकाळी एका लहानशा स्वतंत्र रेडिओ स्टेशनवर फुकट काम, असं माझं चालू झालं. बंद पडलेल्या किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत ते स्टेशन आहे. हायवेला लागलात की आवाजाची खरखर होते. कार्यक्रम गप्पांचा, विषय एकच: मोठ्या माध्यमांनी या आठवड्यात काय गिळलं. होस्ट म्हणजे शाळेत नागरिकशास्त्र शिकवून रिटायर झालेला एक अमेरिकन गृहस्थ. तो बोलायचा, मी फोन जोडायचे.

आमच्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये, माझ्या खालच्या मजल्यावर, नागपूरकडची एक ताई राहायची. नवरा वर्क व्हिसावर, पदरी वर्षाचं पोर. एका संध्याकाळी तिने मला खाली बोलावलं आणि बाळाची क्रिब, म्हणजे कठड्यांची खाट, भिंतीपासून ओढली. मागे जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत काळी बुरशी. कोणीतरी ओल्या कोळशाने भिंत सारवल्यासारखी.

‘‘हे पाह्य. अन् पोरगं रात्रभर खोकलते,’’ ती म्हणाली. ‘‘डॉक्टर म्हणते घर बदला. ऑफिसवाली म्हणते खिडक्या उघडा.’’

कॉम्प्लेक्सचे भाडेकरार बघणाऱ्या लीजिंग ऑफिसात मी तिच्यासोबत गेले. तिथल्या बाईने हसऱ्या चेहऱ्याने सांगितलं, तुम्ही लोक स्वयंपाक फार करता, त्याची वाफ भिंतीत जाते. म्हणजे भिंतीत पाणी मुरतंय ते आमच्या वरणाचं! ताईला एवढंच हवं होतं की याच कॉम्प्लेक्समधला दुसरा, कोरडा फ्लॅट द्या. रिकामे फ्लॅट होते, बाहेर फलक लावले होते. उत्तर: लीज संपेपर्यंत नाही. लीज मोडायची तर भाऊजी घाबरत होते. क्रेडिट खराब होईल, ग्रीन कार्डाच्या फाइलला काही चिकटेल, अशी त्यांची भीती. खरी की खोटी कोण जाणे, पण भीती असली की माणूस गप्प बसतो आणि घरमालकाला तेवढंच पुरतं.

मी स्थानिक पेपरला लिहिलं. ‘फोटो पाठवा,’ एवढं उत्तर आलं. पाठवले. बातमी आली नाही. पुढच्या अंकात आमच्या कॉम्प्लेक्सची पानभर जाहिरात मात्र होती, निळा स्विमिंग पूल आणि हसणारं कुटुंब. मी कुणावर आरोप करत नाही. मी फक्त पान उलटून बघितलं.

मग दिवाळी आली. आमच्या भागातल्या एका हौशी काकूंनी चॅनेलवाल्यांना नेहमीप्रमाणे बोलावलं होतं. मी त्या रिपोर्टर मुलीला फोन करून म्हटलं, या वर्षी क्लबहाउसमध्ये नको, एका घरी शूट करा. तिथे दिवाळीही आहे आणि एक भिंतही आहे, ती बघा. ती म्हणाली, भिंत बघायला आवडेल. मी ताईला सांगितलं, काकूंना सांगितलं. क्रिब सरकवून ठेवायचं ठरलं. आता कसे जाता, असं मला झालं होतं.

मी पोचले तर दारातच ब्लीचचा भपकारा. आत गेले. क्रिब सरकवलेली होती. भिंत पांढरीशुभ्र. वर झेंडूच्या माळा.

‘‘हे कोणी केलं?’’

‘‘आम्ही दोघींनी!’’ काकू अभिमानाने म्हणाल्या. ‘‘सकाळपासून घासतोय. वरून रंगाचा हात दिला. हात बघ माझे.’’

‘‘अहो काकू, त्या भिंतीसाठीच तर बोलावलंय त्यांना!’’

‘‘म्हणून काय पाहुण्यांना घाण दाखवायची? दिवाळीला? बाहेरची माणसं येणार, टीव्हीवर दिसणार. काय म्हणतील, मराठी बायका अशा राहतात?’’

ताई माझ्याकडे बघेना. ‘‘मले पण नाही ना राहवलं,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘कॅमेरा येणार म्हटल्यावर हातच थांबेना.’’

मला हसावं की किंचाळावं कळेना. लीजिंग ऑफिसने जे काम महिनोन्‌महिने टाळलं ते आम्हीच करून दिलं, तेही फुकट, आणि वर रांगोळी काढली. रिपोर्टर आली. भिंत बघून म्हणाली, किती सुंदर. मी मोबाइलमधले फोटो दाखवले. ती नम्रपणे म्हणाली, हे याच भिंतीचे आहेत हे आम्ही कसं सांगणार? पण मागून बाळ खोकत होतं, ते तिला ऐकू येत होतं. तिने कॅमेरामनला सांगितलं, आवाज येतोय, जरा थांबू. खोकला थांबला, मग शंकरपाळ्यांचं शूट झालं. रात्री बातमी लागली: कॅरीत उजळला दिव्यांचा सण. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस. एकाने लिहिलं, ‘प्राउड मोमेंट.’

आता उरला होता आपला स्वतंत्र रेडिओ. रेडिओला भिंत दिसत नाही, म्हणजे ती पुसली तरी काय बिघडतं? होस्टला मी सगळं सांगितलं. तो खूश झाला. ‘‘किडो, हीच ती स्टोरी. शनिवारी तिला लाइनवर घे.’’

शनिवारी ताई फोनवर होल्डवर, कडेवर पोर. आणि होस्ट बोलतोय. मोठ्या माध्यमांची मालकी कुणाकडे, कोणत्या अब्जाधीशाने कोणता पेपर घेतला, परदेशातल्या कोणत्या युद्धाबद्दल काय दडवलं. चुकीचं काही बोलत नव्हता. पण बोलत होता, बोलत होता, बोलतच होता. मी काचेतून खुणा करत होते. तो मान डोलवत होता. कार्यक्रम संपत आला तेव्हा त्याने तिला घेतलं आणि पहिला प्रश्न टाकला: ‘‘मॅडम, कॉर्पोरेट माध्यमांनी तुमचा आवाज दाबला असं तुम्हाला वाटतं ना?’’

‘‘मला घर बदलून पाहिजे,’’ ताई इंग्रजीत म्हणाली.

‘‘अगदी बरोबर! आणि ही शांतता कोण विकत घेतं?’’

स्वतंत्र असणं म्हणजे ऐकून घेणं, असा माझा समज होता. तो तिथे मोडला. टीव्हीला तिची चकली हवी होती, याला तिचा आवाज स्वतःच्या भाषणाखाली लावायला हवा होता. मी त्याच्या माइकचा आवाज बंद केला. बटण आहे, सोपं आहे. माझा माइक उघडला आणि म्हटलं, ‘‘ताई, मराठीत बोल. मी सांगते लोकांना.’’

मग ती बोलली. कॉम्प्लेक्सचं नाव, काळी भिंत, खिडक्या, वाफ, डॉक्टर, सगळं. माझ्या तोडक्यामोडक्या भाषांतराच्या मधे पोर खोकलं. मोठ्याने, घशात शिट्टी वाजल्यासारखं. मी थांबले. त्याला थांबवायला कोणी कॅमेरामन नव्हता. तो खोकला पूर्ण हवेत गेला. फोनचे दिवे लागले, आणि त्यातले कितीतरी आमच्याच कॉम्प्लेक्समधून होते. ‘‘आमच्या बाथरूममागे पण आहे.’’ ‘‘आम्हालाही खिडक्या उघडा म्हणाले.’’ होस्ट रागाने लाल. पण त्याने बटणाला हात लावला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवते.

सोमवारी लीजिंग ऑफिसने ताईला बोलावलं. पलीकडच्या इमारतीत दुसरा फ्लॅट, लगेच. एकच अट: रेडिओवर पुन्हा बोलायचं नाही. तिने मान्य केलं.

‘‘असं कसं मान्य केलंस?’’ मी तिच्यावर ओरडले. ‘‘बाकीच्यांचं काय?’’

‘‘तुले कार्यक्रम करायचा आहे. मले पोराले झोपवायचं आहे,’’ ती म्हणाली. ‘‘तू ओरड ना. तुले कोणी अडवलं?’’

मी रागावले. पण तिचं पोर त्या नव्या घरात आठवड्यात शांत झोपायला लागलं, आणि त्यावर माझ्याकडे काही पत्रक नव्हतं.

जुन्या फ्लॅटला त्यांनी रंग दिला आणि इंदूरहून नुकत्याच आलेल्या एका जोडप्याला तो भाड्याने दिला. बायकोला सातवा महिना. मी होस्टला म्हटलं, या शनिवारी हे घेऊ. तो म्हणाला, ‘‘बुरशी झाली की आपली. या आठवड्यात मोठा विषय आहे.’’ मोठा विषय! टीव्हीवालाही हेच म्हणाला असता, फक्त त्याचा टाय बरा असता.

शनिवारी सकाळी मी स्टेशनचं दार उघडलं, तर बाहेर ताई उभी. शेजारी एक पोटुशी मुलगी, घाबरलेली, हातात पाण्याची बाटली.

‘‘ही त्या घरात आली,’’ ताई म्हणाली. ‘‘काल हिच्याकडे जाऊन पलंग सरकवला अन् भिंतीवर हात ठेवायला लावला. रंगाखाली ओलच आहे. ही बोलते म्हणते.’’

‘‘दीदी ने बताया, डरना नहीं,’’ मुलगी म्हणाली.

‘‘आणि तुझी अट?’’ मी ताईला विचारलं.

‘‘बोलायचं नाही ही माझी अट. हिने कुठे काय मान्य केलं?’’

होस्ट त्याच्या कागदांचा गठ्ठा घेऊन आला. मी त्याची खुर्ची त्या मुलीला दिली आणि त्याला माझ्या जागेवर बसवून फोन कसे जोडायचे ते दाखवलं. तो काही म्हणणार होता. मी म्हटलं, ‘‘आज तू ऐक.’’ तो बसला.

मुलगी पाणी प्यायली आणि तिने आधी इमारतीचा नंबर सांगितला, मग फ्लॅटचा. खिडकीतून मला पार्किंग दिसत होतं. ताई गाडीत बसली होती, मागच्या सीटवर पोर झोपलेलं, आणि तिने हात पुढे करून रेडिओचा आवाज वाढवला.