बेल उचललेली माणसं

अकोल्याच्या सेशन कोर्टात मी नवा वकील होतो, तेव्हाची गोष्ट. पन्नासच्या दशकाची अखेर असेल. मूर्तिजापूरकडच्या एका शेतकऱ्याचा खटला माझ्याकडे आला. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, त्याची शेजाऱ्याशी जुंपली आणि रागाच्या भरात त्यानं कुऱ्हाड घातली. शेजाऱ्याचा उजवा हात कायमचा वाकडा झाला. हा सुटणार नाही, हे मला ठाऊकच होतं. प्रश्न होता किती वर्षं जाणार याचा, कारण घरी म्हातारी आई एकटी होती.

शिक्षा ठरवताना न्यायाधीश हत्यार बघतात, जखम बघतात, वय बघतात. दोघांत समेट झालाय का, हेही बघतात. आमचे न्यायाधीश तर भला माणूस. जखमी शेजाऱ्याला त्यांनी स्वतः विचारलं, "आता तुमचं काय म्हणणं आहे?" तो मान खाली घालून गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प! मी नुसता चरफडत होतो. डॉक्टर आणि इतर साक्षीदारांनी गुन्हा शाबीत केलाच. निकालात न्यायाधीशांनी लिहिलं, जखमी अजून आरोपीच्या दहशतीत आहे. सात वर्षं सक्तमजुरी.

व्हरांड्यात म्हातारी रडत म्हणाली, "कायची दहशत जी? दोघायनं महादेवापुढं बेल उचलला. एका ताटात जेवले. ह्या भांडनाचा शब्द पुन्ना तोंडातून काढाचा नाही, अशी शपथ हाय त्यायची."

अरे देवा! मी शेजाऱ्याला गाठलंच. "अपील करू. समेट झाला एवढ्यावर अंगठा दे, शिक्षा कमी होईल!"

"कागदावर लिवलं तरी बोलल्यासारखंच झालं नं, वकीलसाहेब. देवाले काय सांगू?"

मी ओरडलो, हात जोडले. शेवटी अमरावतीच्या तुरुंगात जाऊन आरोपीला सांगितलं, तूच त्याला समजाव. तो म्हणाला, "माह्यासाठी त्याची शपथ मोडू नका." कपाळ माझं! अपील फेटाळलं गेलं.

मुलगा आत असतानाच म्हातारी गेली. निरोप आला तसा मी गावी पोचलो. शेवटपर्यंत ती दाराकडेच बघत होती म्हणे. तिरडीपुढे मडकं धरायला मुलगा नव्हता. ते धरलं होतं शेजाऱ्यानं, डाव्या हातात, वाकडा उजवा हात खालून टेकवून. त्या न्यायाधीशांनी हे एकदा बघायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.