चंद्रीच्या आईची आई

घोडेआक्का कुणालाही पहिल्यांदा भेटली, की नमस्काराच्या आधी म्हणायची, "दात दाखव." देवणीजवळ जनावरांची डॉक्टर म्हणून माझी पहिलीच नेमणूक. ही सत्तरीची म्हातारी दवाखान्यात आली आणि मीही बावळटासारखं तोंड उघडलं! तिनं आत वाकून बघितलं.

"पंचविशीतली हायस. आईच्या आईचं नाव काय?"

"द्वारका."

"अन् तिच्या आईचं?"

मला येईना. आईला फोन लावला, तर तिलाही येईना. आक्काला केवढा आनंद! "आता माझ्या घोडीचं ऐक. चंद्रीची आई मैना, मैनेची बिजली, बिजलीची हरणी..." सातव्या नावापर्यंत बाईनं श्वास घेतला नाही.

चंद्री ही निजामाच्या काळात उदगीरचं टपाल वाहणाऱ्या ठेंगण्या घोड्यांच्या वंशातली शेवटची घोडी. सासूनं मरताना दागिने थोरल्या सुनेला दिले आणि आक्काच्या हाती चंद्रीच्या आजीचं दावं. चंद्री आता उताराला लागलेली. तिला मादी शिंगरू झालं नाही, तर आक्काची नावं तिथंच संपणार होती.

तिचा मुलगा बापू चंद्रीला उंच मारवाडी घोडा दाखवा म्हणून मागं लागलेला. "आई, वरातीला उंच घोडाच भाड्यानं जातो."

"नवरदेव ठेंगणा चालतंय, मग घोडा का न्हाई?" आक्का म्हणायची.

तिला चंद्रीच्याच चणीचा घोडा हवा होता. तसा एकच सापडला, नायगावकडं उतरलेल्या नागनाथ धनगराकडं. त्याचं बिऱ्हाड पाठीवर घालून तो घोडा वर्षभर मेंढरांमागं हिंडायचा. नागनाथ साफ नाही म्हणाला. "घोडीच्या नादी लागला तर आठ दिस कामाचा न्हाई ऱ्हात. माझी भांडी कोण वाहील, तू?"

आक्का मुकाट परतली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. चंद्री माजावर आली त्या सकाळी तिनं मला टेम्पोत बसवलं. "चल, घोडीला हितली हवा मानवत न्हाई." नायगावच्या माळावर पोचल्यावर तिनं पदर वर धरून वाऱ्याची दिशा बघितली, धनगराच्या मेंढवाड्याकडं वारा जाईल अशा जागी चंद्रीला बांधलं आणि बाभळीखाली भाकरीचं फडकं सोडून बसली.

पहिला घास तोंडात जायच्या आत घोडा आला. दावं फरफटत, पाठीवर पातेली खणखणवत!

"अहो, आधी पातेली तरी उतरवा!" मी ओरडले. सरकारी नोकरीत असं काही ओरडावं लागेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मागून नागनाथ धावत आला. आक्का घास तोंडात घोळवत म्हणाली, "मी काय केलं? मी तर जेवाय बसलेय."

"गप ग म्हातारे. दावं मीच सैल सोडलं," तो हसत म्हणाला. "पर शिंगरू नर झाला तर माझा."

"हाव. अन् मादी झाली तर माझी."

अकरा महिने लागणार होते. दहाव्या महिन्यात आक्काला अर्धांगवायूचा झटका आला. जीभ जड झाली, तरी मी गेले की बाजेवरून बोट नाचवायची. मग मी चंद्रीच्या सात पिढ्या म्हणून दाखवायच्या. चुकले की चहा मिळायचा नाही.

चंद्री एका सकाळी व्याली. मी शिंगराची शेपटी उचलून बघितली आणि डॉक्टरकी विसरून किंचाळले, "आक्का, पोरगी!" बापूनं ते ओलं शिंगरू उचलून बाजेपाशी आणलं. वरातीचं नाव त्यानं काढलं नाही. आक्कानं शिंगराचा ओठ वर केला. "दात न्हाईत. माझ्यावानी."

मी विचारलं, "नाव काय ठेवायचं?"

"द्वारका," ती अडखळत म्हणाली. "तुमच्यात आज्या-पणज्यांची नावं कुणाच्या ध्यानात ऱ्हात न्हाईत. हितं ऱ्हाईल."

आठ दिवसांनी आक्का गेली. मी लहान मुलासारखी रडले. आईला फोनवर सगळं सांगितलं, तर ती भडकलीच. "माझ्या आईचं नाव घोडीला?" फोनच ठेवून दिला. संध्याकाळी तिचाच फोन आला, "फोटो पाठव. आणि हे बघ, मी मामाला विचारलं. द्वारकेच्या आईचं नाव सोनाबाई होतं. लिहून ठेव."