साडेबावीस अंशांवरची चपाती

तिसरी चपाती उडून आमच्या मालकांच्या चष्म्यावर बसली, तेव्हा मशीन फक्त बारा अंश कललं होतं. जायचं होतं साडेबावीसपर्यंत.

"सावंत," मालक चपातीच्या आडून म्हणाले, "हे तुम्हीच कबूल करून आलात ना?"

"सर, गरम आहे ती, आधी काढून घ्या," मी म्हणालो. विषय बदलायला तेवढंच सुचलं.

स्थळ उलवे. हसुरामशेठचं यार्ड. समोर दोन जेसीबी, मध्ये लोखंडी प्लेटचा सी-सॉ, त्यावर आमचं चपाती मशीन, आणि भोवती उलव्यातली समस्त कुत्री. त्यांना कोणी निरोप दिला माहीत नाही, पण पहिली चपाती जमिनीवर टेकायच्या आत ती हजर होती. दुपारपर्यंत सुकापूरहूनही आली असावीत. काहींच्या चेहऱ्यावर प्रवासाचा शीण दिसत होता.

आता हे सगळं का, ते सांगतो. पनवेलला आमचा कारखाना, मोठ्या स्वयंपाकघरांची मशिनं बनवणारा. मी क्वालिटी बघायचो. क्वालिटी म्हणजे माल गेटबाहेर जाईपर्यंत त्यात खोट काढायची आणि गिऱ्हाइकाने खोट काढली की तशी काही नाहीच असं सांगायचं. तोवर तीस वर्षं दोन्ही कामं मी सारख्याच निष्ठेने केली होती.

तर नौदल नव्या फ्रिगेट घेत होतं. फ्रिगेट म्हणजे मधल्या अंगाची, चपळ युद्धनौका. विमानवाहू जहाज हत्ती धरलं, तर ही बिबळी. नवी फ्रिगेट शत्रूच्या रडारला सहज दिसत नाही, पाण्याखालच्या पाणबुडीची चाहूल घेते आणि तिच्या पोटातल्या माणसांना दोन वेळा चपात्या लागतात. पहिल्या दोन गोष्टी दुसऱ्यांकडे होत्या. तिसरी आमच्याकडे.

नौदल अशी जहाजं सुटी घेत नाही, अख्खा क्लास घेतं. क्लास म्हणजे एकाच नकाशावरून बांधलेल्या सख्ख्या बहिणी. थोरलीवर जे मशीन पास झालं तेच धाकट्यांकडे जातं. नापास झालं, तर सगळ्या बहिणींच्या दारातून वरात परत. आमच्या चाळीस माणसांचं पुढच्या काही वर्षांचं काम त्या एका मशीनवर उभं होतं.

आणि ते कलंडलं होतं माझ्या तोंडामुळे.

समुद्रात जहाज डावी-उजवीकडे डोलतं, त्याला रोल म्हणतात. सुरुवातीच्या मीटिंगमध्ये नौदलाच्या लोकांनी साधं विचारलं, पंधरा अंशांच्या रोलमध्ये मशीन चालेल का? मी म्हणालो, "पंधरा काय घेऊन बसलात, साडेबावीसवर चालेल. एक चपाती पडली तर नाव सांगणार नाही." साडेबावीसच का? पंधराची दीडपट केली. तोंडी हिशेबात मी शाळेपासून पक्का. समोरच्या अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. आयुष्यभर मी मीटिंगांमध्ये असे आकडे उधळले, लिहून घेणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. महिन्याभराने छापील स्पेक आली, म्हणजे मालाच्या अटींचं बाड. त्यात माझं वाक्य होतं, सहीशिक्क्यासह.

अशा चाचणीचं कलतं टेबल एका मोठ्या प्रयोगशाळेत होतं, पण ते दुसऱ्याच कोणाच्या कामाला गुंतलेलं. इकडे थोरल्या फ्रिगेटच्या गॅलीचं, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघराचं, छत सोमवारी वेल्डिंग करून बंद होणार होतं. आमचं मशीन दारातून आत जात नाही. आधी कपाट ठेवावं आणि मग खोलीला भिंती घालाव्या तसला प्रकार. आणि त्या दिवशी होता शुक्रवार.

तपासणीला आल्या होत्या लेफ्टनंट कमांडर शिर्के मॅडम. मूळच्या कराडच्या. त्यांना हसताना मी पाहिलं नाही, त्यालाही वरून मंजुरी लागत असावी. जेसीबीची कल्पना मी घाबरत घाबरत त्यांना फोनवर सांगितली होती. त्या म्हणाल्या, "टेबल कुठलं, ते स्पेकमध्ये लिहिलेलं नाही. कोन, वेळ आणि मशीन माझ्या डोळ्यांसमोर पाहिजे. वीस मिनिटं. पडलेल्या चपात्या शून्य."

हसुरामशेठ माझा जुना दोस्त. विमानतळाच्या कामांवर त्याचे इतके जेसीबी चालतात की उलव्यात खड्डा दिसला की लोक त्याची तब्येत विचारतात. त्याने जाड प्लेटखाली मधोमध पाइप टाकला. या टोकाला एक जेसीबी, त्या टोकाला दुसरा. याने बकेट दाबली की प्लेट डावीकडे कलणार, त्याने दाबली की उजवीकडे. हसुराम मध्ये उभा राहून टॉवेल हलवणार. झालं जहाज.

"कोन कशावर मोजणार?" मॅडमनी विचारलं.

मी मोबाइलमधलं अ‍ॅप दाखवलं. त्यांनी ते अशा नजरेने पाहिलं की मोबाइल आपोआप बंद झाला. मग शाळेतल्या फळ्यावर वापरतात तसला मोठा कोनमापक प्लेटला ठोकला आणि त्यावर गवंड्याचा ओळंबा सोडला. दोरीला बांधलेलं वजन कधी खोटं बोलत नाही. मॅडमनी मान हलवली आणि आम्ही सुरुवात केली.

पुढचं तुम्ही वाचलंच आहे. बारा अंशांवर चपात्या कडेने सटकू लागल्या. मशीनमधला पट्टा सळ्यांचा असतो, शिडीसारखा. त्यावरून चपाती भाजत भाजत पुढे सरकते. मी दोन्ही कडांना पत्र्याच्या पट्ट्या ठोकून घेतल्या. सोळा अंशांवर चपात्या त्या पट्ट्यांवर चढून, पलीकडचा देखावा पाहून मग उड्या मारू लागल्या. मी पट्ट्या उंच केल्या. आता चपात्या कडेला गोळा होऊन एकमेकींवर झोपल्या आणि आतून धूर आला.

"झालेल्या चपात्या पडलेल्या नाहीत, मॅडम," मी सुचवून पाहिलं.

"झालेल्याही नाहीत," मॅडम म्हणाल्या.

मालक खुर्चीत बसून एकेक कामगाराचं नाव पुटपुटत होते. कोणाला काय सांगायचं याची बहुधा तयारी. अकरावं नाव माझं होतं.

हसुरामचे वडील, आबा, सकाळपासून शेडच्या सावलीत बसून हा तमाशा बघत होते. तरुणपणी करंजा बंदरातल्या बोटीवर ते भंडारी होते. भंडारी म्हणजे मच्छीमार बोटीवर रांधणारा. धूर निघाल्यावर त्यांना राहवलं नाही. काठी टेकत आले.

"ए सायब, तुमची बोट डोलते कंची बाजूला?"

"डावी-उजवीकडे, आबा."

"आनि चपाती पलते कंची बाजूला?"

"डावी-उजवीकडेच."

"मंग तिचा काय गुना हाय?"

हसुराम म्हणाला, "आबा, तुमी बसा ना. ही नेवीची गोष्ट हाय."

"नेवी काय दुसरे दर्यान जाते?" आबांनी त्याला गप्प केलं आणि माझ्याकडे वळले. "आमी बोटीवर भाकरी थापाला नेमी बाजूचे काठाकरं तोंड करून बसाचो. बोट कलली तं परात पुढं-मागं होते. ती आपुन पोटाशी धरतो. नालेकरं, बोटीचे पुढचे टोकाकरं, तोंड करून बसला तं परात कडेनं दर्यान. तुमी मशीन उबी लावलीय. आडवी लावा."

मी पट्ट्याकडे पाहिलं. सळ्या आडव्या. सळीच्या लांबीवरून चपाती तेलावरून घसरावी तशी घसरते. पण पुढे-मागे जायचं म्हटलं तर प्रत्येक सळी तिला अडवते. मशीन काटकोनात फिरवलं, तर जहाजाचं डोलणं सळ्याच अडवणार. तीस वर्षं क्वालिटीत काढून मला हे दिसलं नव्हतं, हे मी त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही. उलट "तेच म्हणत होतो मी" असं म्हणालो.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "मशीनची दिशा बदलणं म्हणजे डिझाइन बदलणं. ते कमिटीकडे जातं. कमिटी पुढच्या महिन्यात."

मालकांनी डोळे मिटले. मी गॅलीचं ड्रॉइंग मागवून प्लेटवर पसरलं. चार बोल्ट, चौरसात. चौरसाच्या आत लिहिलेलं, चपाती मशीन. वीज वरून येणार. मी ड्रॉइंग सरळ धरलं, काटकोनात फिरवलं, पुन्हा सरळ केलं.

"मॅडम, मशीनचं तोंड कुठे, ते यात दाखवा."

मॅडमनी ड्रॉइंग वाचलं. टिपा वाचल्या. टिपांखालच्या टिपा वाचल्या. मागची कोरी बाजूसुद्धा वाचली. दहा मिनिटांनी पेनचं टोपण उघडत म्हणाल्या, "दिशा दिलेली नाही. लावा आडवी."

चार बोल्ट काढले, जेसीबीने मशीन उचलून फिरवलं, चार बोल्ट लावले. हसुरामने टॉवेल हलवला. प्लेट डावीकडे गेली, उजवीकडे आली. बारा. सोळा. वीस. ओळंबा साडेबावीसवर टेकला आणि मॅडमनी घड्याळ सुरू केलं.

वीस मिनिटं हसुराम टॉवेल हलवत राहिला. कुत्री ओळीने बसून वर बघत होती. अठराव्या मिनिटाला एक चपाती फुगली, अर्ध्या अंगाने उठली आणि पट्ट्याच्या टोकाशी डुलत राहिली. मालकांनी माझा दंड धरला. त्यांच्या बोटांचे ठसे माझ्या हातावर अजून आहेत, पाहिजे तर येऊन बघा. मग पुढची सळी आली, तिने चपातीला खालून ढकललं आणि ती गपचूप टोपलीत पडली.

"शून्य," मॅडम म्हणाल्या आणि सही केली.

आबांनी एक चपाती मोडून तोंडात टाकली. "लय जार हाय," म्हणाले.

"जाडी स्पेकमध्ये नाही," मॅडम म्हणाल्या. आणि मी शपथेवर सांगतो, त्यांच्या ओठांचा एक कोपरा साधारण दोन अंश वर गेला.

सोमवारी छत बंद झालं, मशीन आत. पुढे सगळ्या बहिणींची ऑर्डर आली. आमच्या कारखान्यातला एकही माणूस कमी झाला नाही. तेव्हापासून नवं मशीन बनवलं की ते कसं लावायचं हे मी आधी ते चालवणाऱ्यालाच विचारत आलो. इंजिनिअरला नंतर विचारायचो, वाईट वाटू नये म्हणून.

समुद्रातल्या चाचण्यांनंतर मात्र एक तक्रारपत्र आलं. मशीन उत्तम चालतं, पण मोजणीत चपात्या कमी भरतात. चौकशी केली तेव्हा कळलं की मशीन फिरवल्यामुळे तयार चपात्या बाहेर पडतात ते तोंड थेट गॅलीच्या दाराकडे आलंय, आणि दाराबाहेरच्या बोळातून जाणारा प्रत्येक खलाशी जाता जाता हात घालतो.

मी रीतसर उत्तर पाठवलं: चपात्या पडू नयेत एवढीच अट स्पेकमध्ये होती. पळवू नयेत असं कुठेही लिहिलेलं नाही.