कॉम्प्युटरला लावलेलं कुंकू

आज खंडेनवमी. शेजारच्या घरातून कापराचा वास आला आणि मी मनानं थेट विद्यापीठातल्या त्या जुन्या खोलीत जाऊन उभा राहिलो.

डिजिटल व्यापाराचं संशोधन केंद्र तेव्हा नवीन होतं. केंद्र म्हणजे काय, एक खोली, तीन कॉम्प्युटर आणि कच्च्या नोकरीवरचा शिपाई मी. दुकान न मांडता धंदा कसा होतो, ते तिथली माणसं शोधायची. केंद्र टिकेल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. खंडेनवमीला केंद्राचे सर म्हणाले, "काका, मशीनची पूजा करवून घ्या." मी शिवाजी नगरच्या घरून बायकोला, कुसुमला, बोलावलं.

तिनं काहीतरी पुटपुटत ओल्या बोटानं सरळ स्क्रीनवरच कुंकू लावलं. लाल ओघळ खाली आला. सगळे हसले. मी ओरडलो, "अडाणी कुठली! हात काढ!"

सर म्हणाले, "अरे काका, जाने दो, पुसता येईल." पण तिनं पदरानंच काच पुसली आणि ताट घेऊन निघून गेली. मी तरी कुठला शिकलेला, सातवी नापास.

संध्याकाळी विचारलं, तिथं काय पुटपुटत होतीस? म्हणाली, "तुमची नोकरी पक्की होऊ दे, एवढंच."

झाली पक्की. केंद्राची तीन मजली इमारतही झाली. उद्घाटनाला चल म्हटलं, तर म्हणाली, "अडाण्यांचं तिथं काय काम?" शेवटपर्यंत आली नाही. या चैत्रात ती वारली.

हल्ली फिरत फिरत तिथवर जातो. काचेच्या दारात ती माझ्यामागे उभी दिसते. मी म्हणतो, कुसुम, चल आत. ती हलत नाही. मग मीही बाहेरूनच परततो.