बोकारे मॅडमची प्रलंबित ओळ

डॉ. शरयू बोकारे मॅडमशी माझा पहिला परिचय एका अर्जावरून झाला, आणि त्यात मी चांगलीच बोलणी खाल्ली.

जबलपूरला आमच्या मृदाविज्ञान विभागात मी नुकताच तात्पुरता लागलो होतो. नव्या प्रकल्पाला अनुदान मिळालं तरच नोकरी टिकणार होती. अर्जात 'चालू व प्रलंबित साहाय्य' असा तक्ता असतो. आपल्या हाती आधीच कोणती कामं आहेत, कोणते अर्ज अडकलेत, ते सगळं त्यात सांगायचं. मॅडमच्या प्रत्येक जुन्या अर्जात शेवटची ओळ तीच: 'ग्वारीघाटचा गाळ. सहसंशोधक तिवारीजी. प्रलंबित. महिन्यातून एक दिवस.' तिवारीजी तर मी शाळेत असतानाच नर्मदेवरच्या ग्वारीघाटाहून गाळाचे नमुने काढायला नावेतून गेले, ते परतलेच नव्हते. मॅडमचा नवा अर्ज लिहिताना मी अतिशहाणपणा करून ती ओळ गाळली.

"काहून गाळली?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, तिवारीजी तर..."

"अर्जाला नकार आला का?"

"नाही."

"मंग प्रलंबितच आहे ना! जे आहे ते सांगायचं. लपवायचं नाही."

ती ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली. अनुदान मिळालं, माझी नोकरी टिकली.

मॅडम लिहितात तसंच वागतात. माझी आई आजारी असताना तीन आठवडे माझे सगळे तास त्यांनी घेतले, पण महिन्यातला तो एक दिवस कधी चुकवला नाही. त्या दिवशी ग्वारीघाटावर जायचं आणि गाळाची बाटली भरून आणायची.

एकदा मीही सोबत गेलो. भर दुपार होती. मॅडमनी एकच बाटली भरली. उतरताना नावाड्यानं माझ्या हातात दोन ठेवल्या.

"लो भैया, एक दीदी की, एक साहब की."

नावेत आम्ही तिघंच होतो. दुसऱ्या बाटलीवरच्या चिठ्ठीची शाई अजून ओली होती, आणि अक्षर विभागातल्या जुन्या वह्यांमधलं, तिवारीजींचं. मी दोन्ही बाटल्या घाईघाईनं मॅडमकडे दिल्या. मॅडमनी मात्र विभागात परतल्यावर त्या कपाटात शेजारी शेजारी ठेवल्या. तिथे अशा जोड्यांच्या रांगाच होत्या.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"कशाची? काम करून राहिले ते. मंजुरी आली की मलाही रुजू व्हावं लागेल. अर्जावर दोघांची सही आहे."

आज मॅडम पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. गेल्या आठवड्यात विभागात त्यांच्या नावे एक पाकीट आलं. तिकीट नाही, कोपरे ओलसर, आणि पत्ता तिवारीजींच्याच अक्षरात. मी ते उघडलं नाही, त्यांना दिलंही नाही. माझ्या खणात कुलूपबंद आहे. जित्याची खोड म्हणा, मी पुन्हा एक ओळ गाळली.

पण लपवायचं नाही ही तुमचीच शिकवण, म्हणून मॅडम, इथे सर्वांदेखत सांगून टाकतो. हवं तितकं रागवा, फक्त किल्ली मागू नका. तुम्हांला शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो, आणि ग्वारीघाटचा तो अर्ज तोवर प्रलंबितच राहो.