डोंग्याखालचे पाय

रस्त्यावर डांबर तापलं की मला आमचा डोंगा, मासेमारीची लांबट होडी, आठवतो; त्याच्या बुडालाही असंच डांबर फासलेलं असायचं. एकदा दुसऱ्या तलावावर मासेमारीला न्यायचा म्हणून बाबा आणि काकांनी तो पालथा डोक्यावर घेतला. मागे मी, जाळं घेऊन. मूल गावाजवळच्या जंगलनाक्यावर ट्रकला बंदी होती आणि गाड्या ओळखणारा नवा कॅमेरा बसला होता. फाटक काही उघडेना. “कॅमेरा ट्रक दाखवून राह्यला,” चौकीदार खोलीतूनच ओरडला. मान अवघडलेले बाबा डोंग्याखालून म्हणाले, “ट्रकले घाम येते का, भाऊ?” तेव्हा तो बाहेर आला, त्यानं वाकून डोंग्याखाली पाहिलं आणि हातानंच फाटक उचललं. आता संगणकाला गाड्या ओळखायला शिकवण्यासाठी मी दिवसभर फोटोंवर चौकटी आखते, आणि ‘ट्रक’ लिहिण्याआधी दर वेळी खाली पाय तर नाहीत ना, ते बघते.