क्रेप्सचा घट्ट बुश

व्हर्ना टॉलिव्हरने ऑर्लंड क्रेप्सला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं, बंदूक दुरुस्तीच्या दुकानात अस्वल शिरलंय आणि कारागिराला खाऊन त्याचा एप्रन घालून बसलंय. भुवया इतक्या दाट की कानशीचा चुरा त्यांत अडकून चमकायचा; बायको म्हणे त्या रोज संध्याकाळी चुंबकाने विंचरायची. त्याने व्हर्नाकडे पाहिलंही नाही. तिचं पिस्तूल कानाशी धरून हलवलं आणि डॉक्टरने नातेवाइकांना बाहेर बोलवावं तशा आवाजात म्हणाला, "खुळखुळतंय."

त्याच्या लेखी जगात दोनच जाती होत्या, खुळखुळणारे आणि घट्ट.

तेव्हापासून तिचं पिस्तूल त्याच्याच हातचं. मग तो शनिवार आला. ओहायोच्या नेमबाजी संघाची निवड दुपारी, आणि सकाळच्या सरावात बुश तडकला. बुश म्हणजे नळीचं तोंड धरून ठेवणारा, अंगठीएवढा पोलादी तुकडा. नाव पुकारतील तेव्हा पिस्तूल तयार नसलं की व्हर्ना बाद. शाळेची बस चालवणारी ही बाई थेट क्रेप्सच्या दारात थडकली.

"एकच उरलाय," क्रेप्स म्हणाला. "कानस जरा जास्त फिरली, की कचऱ्यात."

"मग कमी फिरवा ना!"

"मी तुला गिअर टाकायला शिकवतो का?"

मेणबत्तीवर बुश काळा करायचा, पिस्तुलात घालून बघायचा, काढायचा. काजळी जिथे पुसली गेली तिथेच कानस. की पुन्हा मेणबत्ती. घड्याळाकडे बघायचं नाही म्हणून व्हर्ना कॉफी ढवळत राहिली. तिच्यात साखर घातलेलीच नव्हती.

अखेर पान्याच्या जोरावर बुश कुरकुरत बसला. क्रेप्सने नातू झाल्यासारखं तोंड केलं. व्हर्नाने पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढून सोडला. तो सपकन पुढे आला आणि शेवटी केसभर थबकला.

"अडकतंय."

"घट्ट आहे."

"अहो क्रेप्स, अडकतंय! हा भाग मागे गेला की नळीचं बूड खाली जातं आणि तोंड वर होतं. तिला हलायला जागाच ठेवली नाहीत तुम्ही. हाही तडकेल."

क्रेप्सच्या हातचं काम आजवर कुणी परत केलं नव्हतं. तो पांढरा पडला, मग लाल झाला.

"पोरी, आतून जास्त घासलं गेलं तर खुळखुळेल. मग रडत येऊ नकोस."

"येईन. तुमच्याच खांद्यावर रडेन. घासा."

बारीक पॉलिश पेपर काडीला गुंडाळून त्याने बुशात फिरवला, तान्ह्या बाळाचा कान पुसावा तसा. घालून पाहिला. वरचा भाग अजून थबकत होता. पुन्हा एकदा. व्हर्नाची बोटं टेबलाच्या कडेत रुतली होती. त्याने काडी पुन्हा उचलली, ठेवली, पुन्हा उचलली, आणि अर्धाच फेरा दिला.

टक्. पिस्तूल पुरतं बंद झालं. हलवून पाहिलं, आवाज नाही.

"पळ," तो म्हणाला, "आणि मी सैल केला हे कुणाला सांगू नकोस."

नाव पुकारलं तेव्हा ती धापा टाकत हजर होती. दुपारभर पिस्तूल एकदाही अडकलं नाही. संघात सहा जण घेतले. व्हर्ना सातवी आली.